कुठला मैल?

गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवात माणसाने वाटेल ते काम पत्करावे. आरास करताना बोटावर हातोडी बसेल, वर्गणी मागताना दार तोंडावर आपटेल, प्रसाद पुरला नाही म्हणून चार जण नावं ठेवतील. पण ही सगळी दुःखं मूर्तीबरोबर पाण्यात जातात. प्रश्नमंजूषेचा परीक्षक मात्र कधी होऊ नये. मी १९८६ साली झालो होतो. त्याला आता चाळीस वर्षं होत आली, तरी 'केपटाउन' हा शब्द कानावर पडला की मी अजूनही खिडकीबाहेर बघू लागतो.

आदल्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' सुरू झाला आणि देशात प्रश्न विचारण्याची साथ आली. लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची या खेळांतून बौद्धिक विकास होत नाही, हे आमच्या चिटणिसांच्या एकाएकी लक्षात आलं. प्रश्नमंजूषा ठरली. परीक्षक म्हणून माझं नाव पुढे आलं. माझी पात्रता एवढीच, की मी रविवारचं शब्दकोडं सोडवतो आणि ते पेनाने सोडवतो. पेन्सिलीने सोडवणाऱ्याला समाजात तितका मान नसतो. माझी किती कोडी चुकतात हे फक्त आमच्या हिला ठाऊक होतं, आणि तिला कार्यकारिणीत मत नव्हतं.

प्रश्न मी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकातून काढले. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळे लेखक कोण, साल कोणतं, हे कळायला मार्ग नव्हता. पण छापलेलं होतं. आमच्या पिढीला तेवढं पुरत असे.

चौथ्या दिवशी रात्री मांडवात स्पर्धा झाली. एकेक गडी बाद होत शेवटी दोघं उरली. एक चिटणिसांचा मुलगा आणि दुसरी तळमजल्यावरच्या सारंगांची नात. 'सारंग' हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. बोटीवर खलाशांच्या वर जो मुकादम असतो, तो सारंग. रत्नागिरीकडचे गृहस्थ, तीस-एक वर्षं आगबोटींवर काढून आता मुलाकडे राहात होते. नात सातवीत होती. दोघांचे गुण बरोबरीत आले. मांडवात शांतता पसरली. मी घसा खाकरून राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता काढला :

"जगातली सर्वांत एकाकी वस्ती कोणत्या बेटावर आहे, आणि ते बेट केपटाउनपासून किती मैलांवर आहे?"

"ट्रिस्टन डा कुन्हा," ती पोरगी इतक्या चटकन म्हणाली, की मलाच कार्डात बघावं लागलं.

"बरोबर. आणि मैल?"

"पंधराशे."

कार्डावर सतराशे पन्नास होते. "चूक!" मी म्हणालो. माझा आवाज ध्वनिक्षेपकातून चांगला येतो असं लोक म्हणतात. त्या दिवशी तो जरा जास्तच चांगला आला. मग प्रश्न चिटणिसांच्या चिरंजीवांकडे गेला. तो म्हणाला, "सतराशे." पन्नास मैलांचा फरक मी उदार मनाने माफ केला. टाळ्या झाल्या. पहिलं बक्षीस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाच किलोचा डबा, त्याला मिळाला. 'पंधराशे चूक म्हटल्यावर वर जायचं की खाली, एवढंच ठरवायचं होतं,' असं त्याने पुढे मित्रांना सांगितल्याचं कानावर आलं. पुढे तो शेअरबाजारात गेला.

ती पोरगी रडली नाही. रडली असती तर सोपं झालं असतं. एक चॉकलेट देऊन मी सुटलो असतो. ती फक्त म्हणाली, "काका, पण आजोबा पंधराशेच म्हणतात."

"आजोबांना म्हणावं, पुस्तक बघा!" मी म्हणालो. सगळा मांडव हसला. सारंग मागच्या रांगेत बसले होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. धुतलेला सदरा, हातात टोपी.

"साहेब, पुस्तक बघा म्हणालात. आलोय बघायला."

मी पुस्तक दिलं. त्यांनी ते आधी पुढून पाहिलं, मग मागून. दोन्ही बाजूंना पुठ्ठा नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटून गेलं. पान काढलं, बोट ठेवून वाचलं, आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"मैल कुठला, ते यात लिहिलेलं नाही."

"मैल म्हणजे मैल!" मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून ते गेले.

वादात हरलेला माणूस 'बरं' म्हणतो ते वेगळं आणि समोरच्याला सोडून देणारा माणूस म्हणतो ते वेगळं. हे दुसऱ्या जातीचं होतं. ते दिवसभर माझ्या मागे लागलं. कचेरीत एका अर्जावर मी 'मंजूर'च्या ऐवजी 'बरं' लिहिलं.

संध्याकाळी मी ग्रंथालयात गेलो. म्हटलं, एक जाडजूड इंग्रजी विश्वकोश काढावा, १७५० हा आकडा उतरवून घ्यावा आणि सारंगांच्या दाराला डकवावा. विश्वकोश काढला. त्यात पंधराशे मैल! दुसरा ग्रंथ काढला, त्यात किलोमीटर होते : सुमारे २८००. गुणाकार-भागाकार केला तर १७४० मैल आले. जीव भांड्यात पडला, पण नीट पडला नाही. तीन ग्रंथ, तीन आकडे. बेट हलतं की काय, अशी शंका आली.

मग ठरवलं, स्वतःच मोजायचं. घरी येऊन हिच्या शिवणाच्या डब्यातून दोरा मागितला.

"आता काय बेट शिवणार?" ही म्हणाली.

भिंतीवर मुलांसाठी लावलेला जगाचा नकाशा होता. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध, ३७ अंश दक्षिण अक्षांशावर, माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका सापडला. त्याचं नाव त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. बेट पुरतं बारा किलोमीटर रुंदही नाही, आणि नावाने नकाशावर हजारभर किलोमीटर समुद्र अडवलेला. केपटाउनपासून ठिपक्यापर्यंत दोरा ताणला, खालच्या प्रमाणपट्टीवर धरला. ३४०० किलोमीटर! म्हणजे एकवीसशे मैल. आता चार आकडे झाले, आणि चौथा तर मी माझ्या हाताने काढला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एरवी हसण्यावारी नेलं असतं, पण 'पुस्तक बघा' म्हटल्यावर झालेला तो हशा आठवत होता. मी त्या मुलीला चूक म्हटलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या हातात कार्ड आहे.

तिसऱ्या दिवशी मुलांच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना गाठलं. ते माझा दोरा बघून मनापासून हसले. भिंतीवरचा सपाट नकाशा म्हणजे संत्र्याची साल काढून चोपून बसवलेली, असं ते म्हणाले. विषुववृत्तापासून दूर जावं तसतसा तो आडवा-उभा ताणला जातो, आणि खालची पट्टी असते विषुववृत्तापुरती खरी. पस्तीस अंशांवर गेलं की पट्टीने मोजलेलं अंतर पंचवीस टक्क्यांच्या आसपास फुगतं. "म्हणून तर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि आहे मात्र आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढं."

त्यांनी कपाटातून पृथ्वीचा गोल काढला. कुठल्या तरी सहामाहीत अफगाणिस्तानावर शाई सांडली होती, पण अटलांटिक शाबूत होता. केपटाउनपासून बेटापर्यंत दोरा लावला, तेवढाच कापला, आणि तो विषुववृत्तावर एकापुढे एक ठेवत गेलो. चौदा वेळा बसून थोडी जागा उरली. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे अंतर अठ्ठावीसशेच्या आसपास. माझे सतराशे पन्नास जवळजवळ बरोबर होते!

मग पंधराशे कुठून आले? विश्वकोश चुकणं शक्य आहे. सारंग चुकणंही शक्य आहे. पण दोघांनी ठरवून एकच चूक करावी, हे काही पटेना. मी पुन्हा ग्रंथालयात गेलो.

आणि तिथे, खरं सांगतो, मी अंतर विसरलो आणि बेटच वाचत बसलो. पहिल्यांदा तर गावच सापडेना. बेटावर एकच गाव, त्याचं नाव एडिंबरो. सूचीत एडिंबरो काढलं की दर वेळी स्कॉटलंड उघडायचं. पूर्ण नाव 'सात समुद्रांचं एडिंबरो'. १८६७ साली एडिंबरोचा ड्यूक तिथे येऊन गेला, त्याच्यावरून ठेवलेलं. ट्रिस्टाव डा कुन्हा या पोर्तुगीज दर्यावर्दीला हे बेट १५०६ साली दिसलं. समुद्र खवळलेला होता म्हणून तो उतरला नाही, पण नाव मात्र स्वतःचं देऊन गेला. न उतरता नाव देणारी माणसं आमच्या कार्यकारिणीतही आहेत. या ट्रिस्टावचा मुलगा नुनो. तो पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला, आणि १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं ज्या तहाने पोर्तुगिजांना मिळाली, तो तह याच नुनोच्या कारकिर्दीतला! म्हणजे ज्या मुंबईत आमचा मांडव उभा होता, ती एकेकाळी बापाच्या नव्हे तरी लेकाच्या हाताखालून गेली होती. परतीच्या वाटेवर नुनो बोटीवरच वारला आणि त्याला समुद्रात सोडण्यात आलं.

पुढे नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर ठेवलं, तेव्हा त्याला कोणी सोडवून नेऊ नये म्हणून इंग्रजांनी १८१६ साली ट्रिस्टनवर पहारा बसवला. दोन बेटांमध्ये अंतर चोवीसशे किलोमीटर! पुण्यातल्या कैद्याच्या पहाऱ्याला शिपाई रंगूनला उभा करण्यातलाच प्रकार. वर्षभरात कोणाच्या तरी लक्षात आलं आणि फौज परत बोलावली. विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल मात्र बायकापोरांसह आणि एक-दोन सोबत्यांसह मागे राहिला. ती या वस्तीची सुरुवात. मग फुटलेल्या गलबतांतून एकेक माणूस येत गेला. १८९२ साली एका इटालियन जहाजाचे दोन खलाशी राहिले, त्यांची आडनावं आजही बेटावर आहेत. सगळ्या बेटाला मिळून आडनावं सात. पैशाला फारसा अर्थ नव्हता, बटाट्याला होता. १९४६ साली तिकिटाचा एक नमुना छापला, त्यावर किंमत होती : एक पेनी किंवा चार बटाटे.

आणि १९६१ साली गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. बेटावर माणसं होती २६४. सगळ्यांना आधी केपटाउनला आणि तिथून इंग्लंडला नेलं. तिथे घरं मिळाली, कामं मिळाली, टेलिव्हिजन मिळाला. पाठोपाठ इंग्लंडातल्या हिवाळ्याने आजारपणंही मिळाली. सरकारला वाटलं, आता ही मंडळी इथेच रमणार. १९६२ साली मतदान घेतलं. परत जायच्या बाजूने १४८, विरुद्ध ५. आणि १९६३ साली बहुतेक सगळे परत गेले. जाताना इंग्लंडातल्या मुक्कामाच्या जागेचं, कॅल्शॉटचं, नाव तेवढं नेलं. ते त्यांनी पुढे आपल्या चिमुकल्या बंदराला दिलं.

मी पुस्तक मिटलं. आमच्या संस्थेत बिऱ्हाडं चौसष्ट, आणि माणसं बरोबर तेवढीच, अडीचशे-पावणेतीनशे. पाण्याची टाकी दुरुस्त करावी की करू नये, यावरसुद्धा आमच्याकडे १४८ विरुद्ध ५ असं मतदान कधी झालेलं नाही. आणि मी त्या माणसांना कार्डावर 'एकाकी' म्हटलं होतं!

त्या संध्याकाळी मी कागदावर सगळे आकडे लिहून घेतले आणि तळमजल्यावर गेलो. सारंगांनी चटई टाकली. नात अभ्यास सोडून येऊन बसली.

"आजोबा," मी म्हणालो, "मैल किती जातीचे असतात?"

त्यांनी माझा कागद वाचला. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा मैल रस्त्यावरचा. दगड पुरून मोजलेला. दर्यात दगड कुठं पुरणार? आमचा मैल पृथ्वीचा. पृथ्वीचा घेर तीनशे साठ अंश. एका अंशाचे साठ भाग करा. त्यातला एक भाग तो आमचा मैल. तुमच्यापेक्षा लांब असतो."

१८५२ मीटरचा सागरी मैल आणि १६०९ मीटरचा रस्त्यावरचा मैल! मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. पंधराशे सागरी मैल म्हणजे २७७८ किलोमीटर, म्हणजेच रस्त्यावरचे १७२६ मैल. मुलगी बरोबर होती. माझं कार्डही बरोबर होतं. चूक फक्त परीक्षकाची होती.

"तरी चोवीस मैल कमी पडतात," मी चिकाटीने म्हणालो. बुडत्याला चोवीस मैलांचाही आधार वाटतो.

"गोल आकडा आहे तो, साहेब. पंधराशे म्हणजे नेमके पंधराशे कधी असतात काय? तुमच्या सतराशे पन्नासातले वरचे पन्नास तरी कुणी मोजलेत?"

यावर उत्तर नव्हतं. नात इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "काका, पण एकाकी कशावरून? माणसं आहेत ना तिथे?"

मी सारंगांकडे बघितलं.

"केपटाउनहून बोट जायला आठवडा लागतो," ते म्हणाले, "म्हणून बोटवाल्यांना तसं वाटतं."

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी चिटणिसांकडे गेलो आणि निकाल बदलायचा आहे म्हणून सांगितलं. चिटणीस म्हणाले, पोटनियमांत तशी तरतूद नाही. शिवाय डब्यात रव्याचे लाडू भरले गेले होते, आणि भरला डबा परत मागणं बरं दिसत नाही. त्यांनी मला त्यातला एक लाडू दिला. लाडू चांगला होता. पण मी बधलो नाही. शेवटी तोड निघाली : पहिला डबा आहे तिथे राहील, दुसरा मी माझ्या खर्चाने आणीन, आणि दोन्ही बक्षिसं पहिली समजली जातील.

तसाच डबा आणला. भांड्यांवर नावं घालणारा दर अक्षराला पैसे घेत असे. मी त्याला 'प्रथम पारितोषिक' आणि खाली '१५०० सागरी मैल' एवढं घालायला सांगितलं. त्याने घातलं. मग विचारलं, "साहेब, हे गाव कुठं आलं?"

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. चुकीची घोषणा करताना जो आवाज इतका छान आला होता, तो आता कुठेतरी अडकला. तरी सांगितलं : परवा जे उत्तर मी चूक म्हटलं ते बरोबर होतं, मैल दोन प्रकारचे असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि पुस्तक मीच बघायला हवं होतं. मांडव पुन्हा हसला. या वेळी मागच्या रांगेत सारंगही हसले. मुलगी पुढे आली, डबा घेतला, उघडून बघितला. रिकामा होता. मग तिने मला वाकून नमस्कार केला, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

सारंग जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बेट अजून आहे तिथेच आहे. माणसं अजून अडीचशेच्या आतबाहेरच आहेत, विमानतळ अजून नाही, आणि बोटीला अजून आठवडाच लागतो. २००५ साली त्यांना स्वतंत्र ब्रिटिश पोस्टकोड मिळाला, कारण त्यांची टपालं स्कॉटलंडातल्या एडिंबरोला जाऊन पडत असत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. चुकणारा मी एकटाच नव्हतो.

मध्यंतरी त्या मुलीकडे, म्हणजे आता तिलाच काकू म्हणण्याची वेळ आली आहे, तिच्याकडे जेवायला गेलो होतो. ओट्यावर तो डबा होता. आत तांदूळ, वर तीच अक्षरं, घासून घासून अर्धी झालेली. तिचा मुलगा हातात मोबाइल घेऊन आला.

"आजोबा, आईच्या डब्यावरचा आकडा चुकलाय. इथे तर साडेसतराशेच्या आसपास दाखवतंय."

मुलगी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती.

"बाळा," मी म्हणालो, "त्याला विचार, कुठला मैल?"